मिसेसला डोंगर आवडत नाही म्हणे

‘ताई, नमस्कार. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, वय ४३. मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, रोज २२ किलोमीटर जाणं-येणं करते. मुलगी बारावी होऊन गेल्या वर्षी बाहेरगावी शिकायला गेली. आता घरी आम्ही दोघं आणि माझी आई. जबाबदारी जरा कमी झाली म्हणून मी ठरवलं की दर महिन्याला एक ट्रीप करायची. किल्ले, डोंगर, जंगल. एक्सेलमध्ये बारा महिन्यांचं नियोजनही केलं. गेल्या जुलैत मिसेसला ग्रुपबरोबर कळसूबाईला नेलं, तर ती शेवटच्या शिडीखाली थांबली. मी वर जाऊन दर्शन घेऊन दीड तासात परत आलो. या मे महिन्यात टूरवाल्यांबरोबर मनालीला नेलं, तिथं अर्धा वेळ गाडीत गर्दीत गेला. आता म्हणते, तुमचं तुम्ही जा, मला रविवारी घरी बसू द्या. तिला निसर्गाची गोडी कशी लावावी? की मी एकट्यानंच फिरावं?’ – एक वाचक, लातूर

भाऊ, तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. वर त्यातलं सदरात मावेल तेवढंच घेतलंय. पहिल्यांदा चहा पिता पिता वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चार पानांत ‘नेलं’ हा शब्द नऊ वेळा आलाय. कळसूबाईला नेलं, मनालीला नेलं, एकदा अक्कलकोटलाही नेलं. ‘गेलो’ तीनदाच आलंय आणि तिन्ही वेळा सोबत तुमचा ग्रुप आहे. तुमच्या बायकोचं नाव मात्र चार पानांत कुठंच नाही. मिसेस, मिसेस, मिसेस. तुमच्या बुटांच्या कंपनीचं नाव आहे.

रागावू नका. आमच्या अंबाजोगाईत अजूनही निम्मी माणसं बायकोला ‘आमच्या घरात’ म्हणतात, आणि आमचे हे तर बत्तीस वर्षं मला ‘ऐकलं का’ याच नावानं हाक मारत आलेत. पण तुम्ही मला तिच्याबद्दल विचारताय, म्हणून म्हटलं.

आधी कळसूबाईचं बोलू. जुलैतला शनिवार, लातूरहून रात्रभर बस, पहाटे पहाटे बारी गाव. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर. भर पाऊस, धुकं, निसरडी माती आणि शिड्यांपाशी जत्रा भरल्यासारखी रांग. जी बाई आधी एकही डोंगर चढलेली नाही, तिची सुरुवात तुम्ही राज्याच्या सगळ्यात उंच टोकापासून केलीत. पहिलीत नाव घातलेल्या पोराला पहिल्याच दिवशी बारावीचा पेपर देण्यातली ही गत. तुम्ही दोघंही शिकवणारी माणसं, हे मी सांगायचं?

आणि ती शेवटच्या शिडीखाली थांबली, म्हणजे बाकीचा अख्खा डोंगर ती चढली होती. पत्रात तुम्ही ते ‘जमलं नाही’ या खात्यात टाकलंय. वर लिहिताय, ‘दीड तासात परत आलो.’ तुमच्या दृष्टीनं तो वेग असेल. तिच्या बाजूनं बघा: दीड तास पावसात, ओल्या कपड्यांत, अनोळखी लोकांच्या धक्क्यात, तुमच्या ग्रुपच्या पाच बॅगा राखत. बॅगांचं तुम्हीच लिहिलंय, जाता जाता. मी पेन्सिलीनं खूण केली ती तिथंच.

तिचं डोकं दुखायला लागलं होतं, असंही लिहिलंय. कशानं, याचा विचार केलात? माझा अंदाज सांगते. आदल्या रात्रीपासून ती पाणी पीत नव्हती. आम्ही बायका असंच करतो. वाटेत कुठं जायची सोय असेल-नसेल, बस थांबेल-नाही थांबेल, बरोबर पंधरा पुरुष, म्हणून आधीपासूनच घोट घोट कमी करत जायचं. मग चढावर घाम जातो, डोकं ठणकतं, पायात गोळे येतात आणि लोक म्हणतात, वहिनींना सवय नाही. सवय असते, आडोसा नसतो. पुढच्या वेळी बॅगेत एक जुनी सुती साडी टाका. दोन झाडांना बांधली की आडोसा होतो, खाली अंथरली की बसायला होते. वाटेत पेट्रोल पंपावर गाडी थांबवून ‘कुणाला जायचंय का’ असं गाडीभर ओरडू नका. नुसती थांबवा, चहा सांगा, ती जाऊन येईल. पाळीच्या दिवसांत लागणारं सामान आणि वापरलेलं परत आणायला एक घट्ट बंद होणारी पिशवी तिच्याकडे असू द्या. तारीख ठरवताना तो हिशेबही तिलाच करू द्या. तुमच्या एक्सेलमध्ये त्याचा रकाना नाही.

आता बुटांचं. तुमचे साडेचार हजारांचे, घोट्यापर्यंत, तळवा पकड घेणारा. तिच्या पायात काय होतं? चार पानांत नाही. माझी पैज आहे, शाळेत जायचे कॅनव्हास. निसरड्या कातळावर त्यांनी पाय ठरत नाही आणि पाय ठरला नाही की शिडी दिसते तीच तोंड वासून. आधी तिला बूट घ्या. तिच्या मापाचे, दुपारनंतर दुकानात जाऊन, जाड मोजा घालून, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. उतरताना बोटं पुढं आपटतात, म्हणून ती जागा. नवे बूट पंधरा दिवस घरात-बाजारात घालू द्या, मगच डोंगर.

आणखी एक काम तुम्हाला दिसलेलं नाही, ते निघण्याच्या आदल्या रात्रीचं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तुमच्या आईंच्या दोन दिवसांच्या गोळ्या डबीत घालून ठेवणं, शेजारणीला किल्ली, दूधवाल्याला निरोप. शिवाय लातूर. ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आलेलं बघितलंय, तिथल्या बाईच्या डोक्यातून नळाचा दिवस कधी जात नाही. तुम्ही ट्रीपची तारीख काढता शनिवार-रविवार बघून, ती काढते नळ बघून. नळ चुकला तर सोमवारी शाळेतून आल्यावर टँकरवाल्याला फोन कुणी करायचा असतो? ‘मला रविवारी घरी बसू द्या’ या वाक्यात मला डोंगराचा कंटाळा दिसत नाही. दोन दिवसांच्या सहलीला चार दिवसांचं काम लागतं आणि ते एकटीला लागतं, त्याचा कंटाळा दिसतो.

तुम्ही विचारता, निसर्गाची गोडी कशी लावू. भाऊ, जी बाई रोज खेड्यातल्या पोरांना परिसर अभ्यास शिकवते, तिला तुम्ही निसर्गाची गोडी लावायला निघालात.

तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, तीच मला सगळ्यात मोलाची वाटली. ‘येळवशीला सासरवाडीच्या शेतात जातो, पण ती काही ट्रीप नव्हे.’ का नव्हे हो? इतर भागातल्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे अख्खी गावं रानात जातात. बाजारपेठ बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांची पूजा. मग जेवण: ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या बेसनात एकत्र शिजवलेल्या. मडक्यातली आंबील पितळी पेल्यात ओतताना वर जो आंबूस, जिऱ्या-लसणाचा वास येतो, तो घरी त्याच ताकाला येत नाही. मी करून बघितलंय. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाचं तरी बोलावणं असतंच. एका कोपीत जेवून लोक दुसऱ्याच्या रानात जातात, तिथं आग्रहाचा पेला, तिथून तिसऱ्याच्या.

तर गेल्या येळवशीला तुमची बायको दिवसभरात किती चालली, आठवा. बांधावरून, ढेकळांतून, गुडघाभर हरभऱ्यातून, खांद्याएवढ्या ज्वारीतून. माहेरच्या पाच-सहा कोपी म्हणजे सहज पाच-सहा किलोमीटर. तेही साडी नेसून, डोक्यावर ऊन घेऊन, हसत. तिला कुणी ‘अजून किती राहिलं’ म्हणताना ऐकलंत? तिथं ती पुढं असते, वाट तिला माहीत असते आणि तुम्ही मागं चालता, ‘जरा हळू’ म्हणत. असं असणारच. लातूरचे प्राध्यापक ढेकळात कसे चालतात ते मला ठाऊक आहे.

म्हणून पहिला बदल एवढाच करा. चालताना ती पुढं, तुम्ही मागं. पट्टीचे डोंगरी लोकही जो सावकाश चालतो त्यालाच पुढं ठेवतात, म्हणजे कुणी मागं पडत नाही आणि धाप लागली तर ती सगळ्यांनाच कळते. आणि दुसरा बदल म्हणजे ते एक्सेल. फाडा म्हणत नाही, मेहनत केलीय. पण त्यात बारापैकी बारा जागा तुमच्या आहेत. सहा तिच्या करा. तिनं एखाद्या महिन्यापुढं ‘घर’ असं लिहिलं, तर तेही चालवून घ्या.

माझ्याकडून थोडं सामान देते, दोघांनी मिळून उचला.

आत्ता भाद्रपद आहे, पाऊस बरा झालाय, तर नळदुर्गापासून सुरुवात करा. लातूरहून दोन-अडीच तास. किल्ला मोठा, तट लांबच लांब, पण चढण नाहीच म्हटलं तरी चालेल. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, १६१३ चा. पाणी भरून वाहायला लागलं की बांधावरून दोन धारा कोसळतात. एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. महालाच्या खिडकीशी उभं राहिलं की पाणी आपल्या डोक्यावरून पुढं पडतं आणि आपण कोरडे. चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी पाण्याच्या आत बसून पाणी बघावंसं वाटलं आणि त्यानं ते बांधून घेतलं, यापलीकडे मला त्याचं वर्णन करता येत नाही. धारा दर वर्षी सुरू होतातच असं नाही, बोरी भरली तरच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. पाणी फार असेल तर महालात सोडत नाहीत, तेव्हा रखवालदाराशी वाद घालू नका. रविवार टाळा. तुम्ही दोघंही शिक्षक, मधल्या वारी येणारी सुट्टी तुम्हाला मिळते, ती वापरा.

तसंच पाटोदा तालुक्यातलं सौताडा. विंचरणा नदी एकदम खोल दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ. बीडजवळचं कपिलधारही आहे, पण तिथं पावसाळ्यात गर्दी असते आणि गर्दीचं तिला काय वाटतं हे आपल्याला कळलंय. धबधब्याच्या थेट खाली कुठंच उभं राहू नका. वर कुठंतरी पाऊस पडतो, इथं ऊन असतं आणि पाणी गढूळ होऊन वाढायला लागतं. पाण्याचा रंग बदलला, त्यात काटक्या-पाला यायला लागला की चप्पल शोधत बसायचं नाही, आधी काठ गाठायचा.

दसरा-दिवाळीच्या मधे माहूर आणि सहस्रकुंडचा धबधबा एकत्र करा. पैनगंगेचं पाणी तोवर ओसरायला लागतं, कातळ उघडा पडतो आणि किनवटकडचं जंगल अजून हिरवं असतं. मुक्कामाला जा, एका दिवसात उरकू नका. आईंना रेणुकेचं दर्शन होईल, त्यांनाही न्या.

थंडीत पैठण. जायकवाडीचा नाथसागर पसरट आणि उथळ आहे. कडेचं पाणी हटतं तसा चिखल उघडा पडतो आणि तिथं पाहुणे पक्षी उतरतात. रोहित, चक्रवाक, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस. हे हंस हिमालय ओलांडून येतात. ज्या हिमालयात जायला तुम्ही टूरवाल्यांना पैसे भरले, तिकडून ती मंडळी स्वतः उडत तुमच्या मराठवाड्यात आलेली असतात, आणि आपण मनालीच्या रस्त्यावर गाडीत बसून पुढच्या गाडीचा नंबर पाठ करतो. असो. पहाटे पोचा, भडक कपडे नकोत, बोलणं हळू. ८ बाय ४२ ची एक साधी दुर्बीण घ्या आणि ती आधी तिच्या हातात द्या. दुपारी पैठणी विणणाऱ्यांकडे जा. तिथं एकेक धागा बघत ती रेंगाळेल, तुम्हाला कंटाळा येईल. तो तुमचा शिडीखालचा दीड तास. बॅगा धरून उभे राहा.

वेरूळ-अजिंठा तुमच्या यादीत नाही, ‘लहानपणी शाळेतून झालंय’ म्हणून. मला हे वाचून वाईट वाटलं. शाळेच्या सहलीत आपण वेरूळ बघत नाही, डबा बघतो. परत जा, पण वार बघून जा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी सगळी आखणी केली, अंबाजोगाईहून पहाटे चारला निघालो, सकाळी वेरूळच्या फाटकाशी गाडी लावली आणि बघतो तर मंगळवार. रस्त्याकडेच्या एका मोरीवर बसून आम्ही असं भांडलो, की शेजारचा उसाच्या रसवाला न सांगता दोन ग्लास घेऊन आला.

मग काय करायचं, म्हणून देवगिरीला गेलो. तिथली अंधारी तुम्हाला माहीत असेल. शत्रूला चकवायला डोंगराच्या पोटात काढलेली वाट, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, वटवाघळांची चिकचिक आणि नाकात जाऊन बसणारा त्यांचा वास. वाटाड्यानं गंमत म्हणून हातातला टेंभा क्षणभर मागं लपवला, तेव्हा आमच्या ह्यांनी माझा पदर मुठीत धरला. सहा फुटी माणूस, बाजार समितीत नोकरी केलेला, आवाज ऐकला तर हमाल दचकायचे. तळहात घामानं भिजलेला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि कोंडलेल्या अंधाराची त्यांना भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर आल्यावर बारादरीत आम्ही तासभर गुपचूप शेंगा खात बसलो. तेव्हापासून लिफ्टमध्ये मी आधी शिरते आणि सुट्टीचा वार मीच बघते. वेरूळला नंतर गेलो, गुरुवारी. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय हे समजून घ्यायचं असेल, तर आधी बाजूच्या टेकाडावर चढून वरून बघा, मग आत जा.

देवगिरी झेपला की कन्नडजवळचं पितळखोरं. गौताळा अभयारण्यात आहे, लेण्यांसाठी डोंगर उतरावा लागतो आणि येताना तोच चढावा लागतो, त्यामुळं दम कुठं लागणार हे आधीच माहीत असतं. अंतूरचा किल्ला त्यानंतर. हरिश्चंद्रगड, हवा तर, पुढच्या वर्षी, तोही डिसेंबरात, पावसात नाही.

उन्हाळ्याचं फार बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात साहस म्हणजे दुपारी दाराबाहेर पडणं. पण मे महिन्यात ताडोबा हे तुम्ही बरोबर लिहिलंय. रानातलं पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, दिसण्याची शक्यता वाढते. चढण नाही, जिप्सीत बसायचं. मंगळवारी तेही बंद असतं. आमच्या घरात मंगळवारचा धसका आहे तो उगाच नाही.

डिसेंबरच्या रकान्यात तुम्ही केदारकंठा, ते उत्तराखंडातलं शिखर, लिहिलंय. १२,५०० फूट, बर्फात. हे यंदा खोडा. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर. तिथून दोन-तीन दिवसांत ३,८०० मीटरवर गेलं की शरीर कुरकुरतं आणि तंदुरुस्त माणसाचंही कुरकुरतं, व्यायामाशी त्याचा फार संबंध नाही. नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर न्यायचा नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर पुढं चढायचं नाही. वाढत गेलं, तोल जायला लागला, बोलणं भरकटायला लागलं, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. आणि हे आधी दोघांनी एकमेकांना वचन म्हणून सांगून ठेवायचं: कुणी एक ‘परत फिरू’ म्हणाला, की दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही. कळसूबाईनंतर तुमच्याकडून हे वचन तिला दोनदा घ्यावं लागेल.

हिमालय हवाच असेल तर पुढच्या वर्षी टूरवाल्यांशिवाय जा. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते. वाटेत काही स्टेशनांवर शीख मंडळी लंगर घेऊन येतात, तेव्हा एक रिकामा डबा हाताशी असू द्या. तिकीट आता ६० दिवस आधीच काढता येतं, त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा. तिकडे सात दिवसांत सात गावं करू नका. एक लहान गाव धरा, पाच दिवस तिथंच राहा, सकाळी निघायचं, पाय नेतील तिथवर जायचं, दुपारी परत. मनालीत तुम्ही काय बघितलं ते लिहायला तुम्हाला दीड ओळ लागली. तुमच्याच पत्रात येळवशीच्या जेवणावर पाऊण पान आहे.

पैशाचं लिहिलंय, की तिला खर्चाचीही काळजी असते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आई ७५ च्या पुढं असतील तर त्यांना ते फुकट. म्हणजे तिघांत पूर्ण तिकीट एकट्या तुमचं. वरच्यापैकी निम्म्या जागा एसटीनं होतात. पण आईंना प्रत्येक वेळी बरोबर घेऊ नका. तुमची बहीण उदगीरला आहे ना, तिला फोन करून दोन दिवसांची सोय तुम्ही लावा. बायकोनं तो फोन केला तर तो सुनेचा कामचुकारपणा ठरतो, तुम्ही केलात तर भावाची विनंती. अन्याय आहे, पण आपल्याकडे असंच आहे, तर तेवढ्यापुरता त्याचा फायदा घ्या.

एकट्यानं जावं का, असाही प्रश्न आहे. जा की. ग्रुपबरोबर वर्षातून दोन-तीन गड करा, दीड तास काय, दिवसभर वर बसा. त्याला मी पळवाट म्हणणार नाही. फक्त तेवढेच रविवार तिलाही मोकळे मिळू द्या. ती शाळेतल्या मैत्रिणींबरोबर तुळजापूरला जाईल, नाहीतर दार लावून झोपेल. परत आल्यावर तिला फोटो दाखवायची घाई करू नका. आधी डबे घासा.

आणि आज संध्याकाळी एक करा. एक्सेल न उघडता तिला विचारा, लग्नाआधी ती कुठं कुठं फिरली होती. माहेरचा ओढा, एखादी टेकडी, विहिरीत पोहणं, मामाच्या गावची जत्रा. मधे बोलू नका. ती जे पहिलं नाव घेईल, ते नळदुर्गच्याही आधी यादीत वर टाका.

काय झालं ते कळवा. पुढचं पत्र तिनं लिहिलं तर जास्त बरं, खाली नाव घालून. आणि निघायच्या आधी नळाचा दिवस बघा. त्या दिवशी पाणी तुम्ही भरा.